मण्याचं वेज : रतनपूर, खंभात, लोथल

पहिला दिवस : पुण्याहून निघताना

मी चांदीचे दागिने घडवते. कोंदणात बसवायला मला हिरे-माणकं लागत नाहीत, दगड लागतात. वाघोलीच्या खाणीतला निळा कॅव्हन्साइट, जळगावकडचे झिओलाइट, घाटातल्या काळ्या फत्तराचे काप आणि सगळ्यात जास्त अकीक, म्हणजे इंग्रजीतलं अगेट. आपल्या पायाखालची भूमी आणि तिच्या पोटात सापडलेले जुन्या माणसांचे मणी, यांतूनच माझं काम सुचत आलं आहे. नेवाशाच्या उत्खननात एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली होती आणि मण्यांच्या आत दोऱ्याचे धागेही टिकून होते. हे पहिल्यांदा कळलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. ती माळ कुणीतरी ओवली होती.

या प्रवासाचं कारण मात्र एक फसवणूक. दीड वर्षापूर्वी एका ताईंना तांबड्या मण्यांची माळ करून दिली होती. मणी एका व्यापाऱ्याकडून 'अस्सल कार्नेलियन', म्हणजे तांबडा अकीक, म्हणून घेतलेले. वर्षभरात माळ फिकी पडली. एक मणी फोडून पाहिला, तर रंग फक्त भेगांच्या कडेला साचलेला आणि आतला दगड करडा. साधा अकीक रंगवून विकला होता. ताईंचे पैसे परत केले, पण मनातून ते जाईना. बारा वर्षं मी हा दगड हाताळते आहे आणि तो जमिनीतून माझ्या पाटापर्यंत कसा येतो, हे मी एकदाही पाहिलेलं नव्हतं.

वहिनी कॉलेजात भूशास्त्र शिकवते. बेत ऐकल्यावर म्हणाली, "ताई, मी येणार. राजपिपळ्याचे डोंगर मला कधीचे बघायचेत." डिसेंबरातली सुट्टी गाठून आम्ही रात्रीच्या गाडीने निघालो. वहिनीच्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी तिचं भिंग लोंबत होतं.

दुसरा दिवस : भरूच आणि रतनपूर

अंकलेश्वर सुटलं आणि पहाटेच्या धुक्यात नर्मदेचा पूल आला. शेजारी १८८१ सालचा जुना लोखंडी गोल्डन ब्रिज. पलीकडच्या काठावर भरूच, म्हणजे ग्रीक खलाशांचं बॅरिगाझा. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासटिपणात या बंदराचं वर्णन आहे आणि त्यात आपलं पैठण आहे, तेर आहे. भरूचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर. पैठणहून गाड्यांतून या बंदरात येणाऱ्या मालात अकीकाच्या जातीचा दगड मोठ्या प्रमाणात होता. बैलांची वीस दिवसांची वाट आम्ही झोपेत काढली होती.

भरूचला चहा-फाफडा झाला आणि जीपने झगडियाकडे निघालो. झगडियाच्या पुढे रतनपूर. गाव लहानसं, पण अकीकाच्या धंद्यात या नावाला मान आहे. माती तांबडी. डोंगर आपल्या सह्याद्रीचे धाकटे चुलतभाऊ वाटावेत असे. डोंगराकडे जाणाऱ्या वाटेला एके ठिकाणी रस्त्यासाठी कड कापली होती. वहिनीने जीप थांबवायला लावली आणि पुढचा तासभर आम्ही तिथून हललो नाही.

त्या कडेत तांबूस वाळूमातीत गोटे गच्च बसलेले होते, बेसनाच्या लाडवात बेदाणे बसावेत तसे. वहिनी म्हणाली, हा पिंडाश्म. मला वाटत होतं की अकीक थेट काळ्या फत्तरातून काढतात. इथे तसं नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले. थिजताना त्यांत वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. मागाहून सिलिका विरघळलेलं पाणी त्या पोकळ्यांत झिरपलं. भिंतीवर एक पातळ थर चढला, मग दुसरा, मग तिसरा. हे थर म्हणजेच अकीकाचे पट्टे. पुढे फत्तर उन्हापावसात कुजून माती झाला. अकीकाचं काठिण्य ७, तो कुजला नाही. नद्यांनी ते गोटे लोळवत आणून इथे साठवले आणि त्यांच्यावर पुन्हा माती चढली. रतनपूरच्या खाणी या साठ्यातल्या.

"म्हणजे हा दगड दोनदा पुरला गेलाय," मी म्हटलं.

"आणि मधे नदीत भरपूर मार खाल्लाय. हे बघा," म्हणत तिने भिंग माझ्या हातात दिलं.

गोटा बटाट्याएवढा होता, वरून मळकट पिवळा. हातात घेतला तर दिसण्यापेक्षा जड. भिंगाखाली त्याच्या सालीवर नखाएवढ्या चंद्रकोरी दिसल्या, एकीला एक चिकटून, शेकड्यांनी. पुरात दगडावर दगड आदळून उठलेल्या खुणा. आजवर ही साल मी आधी घासून टाकत होते. आतले पट्टे दिसावेत म्हणून दगडाची ही सगळी कहाणी मी सहाणेवर उतरवून टाकत होते, याचं मला फार वाईट वाटलं. गोटा आम्ही होता तिथेच परत ठेवला. जागा दुसऱ्याची, माल दुसऱ्याचा.

जुन्या खाणींचे खड्डे झाडोऱ्यात बुजत चालले आहेत. पूर्वी विहिरीसारखा उभा खड्डा खणायचा आणि तळाशी आडवे बोगदे काढत गोटे शोधायचे, अशी पद्धत होती. वरून पाहताना आतल्या माणसाचा जीव किती टांगणीला असेल, ते जाणवतं.

टेकडीवर बावा गोर यांचा दर्गा आहे. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दी समाजाचं हे मोठं श्रद्धास्थान. अकीकाच्या धंद्याची घडी बावा गोरांनी बसवली असं मानतात. त्यांची बहीण माई मिश्रा, तिचंही स्थान तिथेच. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या अकीकाला बाजारात अजून बाबागोरी म्हणतात, ते यांच्याच नावावरून. दगडाला संताचं नाव मिळावं, ही मला सुंदर गोष्ट वाटते. संध्याकाळी वारा पडला तेव्हा आम्ही पायऱ्यांवर बसून होतो आणि खाली झगडियाच्या कारखान्यांचे दिवे लागत होते.

तिसरा दिवस : खंभात

सकाळचा वेळ भरूच, वडोदरा, आणंद असा गाड्या बदलण्यात गेला. दुपारी खंभात. आपल्या जुन्या कागदांतलं खंबायत. एके काळचं भरभराटीचं बंदर, मग खाडी गाळाने भरत गेली आणि जहाजं सुरतेकडे, मुंबईकडे वळली. समुद्र गेला, पण अकीकाचं काम राहिलं. त्याला 'अगेट्स ऑफ कॅम्बे' या इंग्रजी नावाने भौगोलिक मानांकन मिळालं आहे.

उत्तरायण जवळ आलेलं, त्यामुळे गल्लीगल्लीत पतंग. ओट्यांवर कागद, कामट्या, खळीचे डबे. हलवासन घेतलं. दुधाचा, गव्हाचा, जायफळाच्या वासाचा चपटा गोड पदार्थ, खाताना खरवसाची आणि पेढ्याची एकदम आठवण देणारा. मग ओळखीतून मिळालेल्या पत्त्यावर गेलो.

अंगणात गोट्यांचे ढीग होते. कारखान्याचे मालक, साठीचे काका, आधी काहीच बोलले नाहीत. मी पर्समधून तो फसवा मणी काढून दिला. त्यांनी तो उजेडात धरला, नखाने भेग चाचपली आणि म्हणाले, "बेन, हा भाजलेला नाही, बुडवलेला आहे." आणि मग शिकवायला बसले.

कच्चा दगड बहुधा करडा, पिवळट, दुधी असतो. त्यात लोह असतं, पण पाण्याशी बांधलेलं, म्हणून पिवळं. उन्हाळ्यात तो महिना-दोन महिने उन्हात वाळवायचा, अधूनमधून उलटायचा. मग मातीच्या मडक्यांत भरून शेणी आणि भुश्शाच्या मंद आंचेवर रात्रभर ठेवायचा. पाणी निघून जातं, पिवळ्या लोहाचं तांबडं होतं. वहिनीने लगेच त्या दोन खनिजांची नावं सांगितली, गोथाइट आणि हेमॅटाइट. काकांनी ती नावं दोनदा म्हणून घेतली. घाई केली, आंच जास्त झाली, तर दगड तडकतो. रंग पुरेसा आला नाही तर पुन्हा भाजायचा. असा चढलेला रंग उन्हाने जात नाही, घामाने जात नाही. तो ढगासारखा आत पसरलेला असतो, कुठे गडद, कुठे विरळ. बाहेरून लावलेला रंग मात्र भेगांत आणि पट्ट्यांच्या रेषांत जाऊन बसतो. इतकी साधी पारख मला बारा वर्षांपूर्वी कुणी सांगितली असती तर!

मग घडाई पाहिली. जमिनीत एक टोकदार लोखंडी पहार तिरकी गाडलेली. तिच्यापुढे मांडी घालून कारागीर बसतो. डाव्या हाताने दगडाची कड पहारेच्या टोकावर टेकवतो आणि उजव्या हातातल्या हातोडीने वरून हलकेच ठोका देतो. हातोडीचं डोकं म्हशीच्या शिंगाचं, काठी वेताची. गंमत अशी की ठोका पडतो एका बाजूला आणि चकती उडते दुसऱ्या बाजूने, जिथे लोखंडाचं टोक टेकलं आहे तिथून. शिंग मऊ, म्हणून दगड दचकत नाही. आवाज टणटण नव्हे, टक्... टक्... टक्, सुपारी फोडताना येतो तसा. पाच-सहा मिनिटांत ओबडधोबड तुकड्याचा लांबट, दोन्ही टोकांना निमुळता मणी झाला. एका अंगाला गोट्याची थोडी साल मी राखून घेतली, बाकी अंगावर सगळीकडे शंखाच्या आतल्या बाजूसारखे छोटे खळगे. मी तो मागून घेतला. पुढे तो घासला जाणार होता, गुळगुळीत होणार होता. मला तो तसाच हवा होता.

"असा कोण घालेल?" काकांनी विचारलं.

"मी घालीन," मी म्हटलं.

चौथा दिवस : वेज

आमच्या धंद्यात मण्याच्या भोकाला वेज म्हणतात. न विंधलेला मोती तो अनविध. मणी कितीही देखणा घडवा, वेज पडेपर्यंत तो दगडच. गळ्यात यायचा तर त्याच्या पोटातून वाट काढावी लागते, आणि सगळ्यात जास्त कष्ट, सगळ्यात जास्त धोका त्या वाटेत असतो. ऐन शेवटी मणी फुटला तर आधीचं सगळं वाया. आणि आम्ही दागिने करणारे काय करतो? मण्याच्या दोन्ही तोंडांना चांदीच्या टोप्या बसवून वेज झाकून टाकतो. हे मला आज पहिल्यांदा खटकलं.

आता बहुतेक विंधकाम यंत्रावर होतं. पण काकांच्या ओळखीचे एक चाचा अजून हातकमानीवर काम करतात. सत्तरी ओलांडलेले, कानाने थोडे कमी. त्यांनी माझा घडीव मणी लाकडी चापात दाबून बसवला. टिकोरा म्हणजे लोखंडाची बारीक सळई, तिच्या टोकाला हिऱ्याचे दोन कण बसवलेले, डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढे. सळईला कमानीची दोरी एक वेढा घेते. सळईचं मागचं टोक तळहातातल्या करवंटीच्या तुकड्यात टेकतं. कमान पुढे-मागे, पुढे-मागे. वरून थेंबथेंब पाणी. वेजातून दुधासारखा पांढरा काला बाहेर येतो, चाचा तो अंगठ्याने पुसतात आणि आवाज ऐकतात. कानाने कमी ऐकणारा माणूस तो आवाज हाताने ऐकत होता, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. मध्यापर्यंत पोचल्यावर त्यांनी मणी उलटा केला आणि दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. दोन्हीकडच्या वाटा आत अंधारात एकमेकींना भेटायला हव्यात. मोजपट्टी नाही, खूण नाही. दुपारच्या नमाजाआधी भेटल्या.

त्यांनी मणी दिव्यासमोर धरला. तांबड्या दगडाच्या आत वेज फिकट रेघेसारखं दिसत होतं आणि अगदी मधे केसाएवढी पायरी. दोन वाटा तिथे मिळाल्या होत्या. यंत्राने एका दमात आरपार पाडलेल्या वेजात ती पायरी नसते.

मी कमान हातात घेऊन पाहिली. दहा मिनिटांत मनगट भरून आलं आणि दगडावर ओरखडाही नीट उठला नाही. चाचा न हसता म्हणाले, "जोर लावू नका बेन, रस्ता त्याला काढू द्या."

संध्याकाळी शकरपूरकडे गेलो. याबद्दल लिहिलं नाही तर बाकीचं लिहिण्याचा मला हक्क नाही. अकीक म्हणजे सिलिका. कोरडा दगड सहाणेच्या चाकावर घासला की जी धूळ उडते, ती फुप्फुसात जाऊन बसते. तो सिलिकोसिस. एकदा झाला की बरा होत नाही आणि त्याच्या पाठोपाठ क्षयही येतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने इथल्या अकीक कामगारांची पाहणी केलेली आहे. काम घराघरांत, ओट्यावर चालतं, त्यामुळे धूळ बायकामुलांनाही सुटत नाही. एका घरात एक बेन मणी ओवत बसल्या होत्या. आतल्या खाटेवर त्यांचे यजमान उशांना टेकून बसलेले, कारण आडवं झालं की श्वास पुरत नाही. माणूस माझ्या भावाच्या वयाचा. बेननी आम्हाला पाणी दिलं आणि ओवणं थांबवलं नाही.

परतताना वहिनी आणि मी बोललो नाही. पण त्या रात्री मी ठरवलं ते असं. मणी घेईन तर ओल्या घासाईचे, जिथे चाकावर पाणी सोडलेलं आहे आणि धूळ ओढणारा पंखा चालू आहे, तिथलेच, आणि जाऊन डोळ्यांनी पाहून. आणि माझ्या नव्या कामात जितके जमतील तितके मणी न घासलेले, घडाईचे खळगे अंगावर असलेले वापरीन. घडाईत चकत्या उडतात, बारीक धूळ त्या मानाने कमी. आजवर घडीव पृष्ठभाग मला 'आदिम' दिसतो म्हणून आवडायचा. आता आवडीचं कारण बदललं आहे.

पाचवा दिवस : लोथल

खंभातहून तारापूर, वटामण करत लोथलला आलो. रस्त्याला दोन्ही बाजूंनी सपाट शेतं, मधेच खारट पांढरी जमीन. सिंधू संस्कृतीतलं हे जुनं नगर सरगवाला गावाजवळ आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या एस. आर. राव यांनी १९५५ पासून इथे उत्खनन केलं. पक्क्या विटांचं ते प्रसिद्ध कुंड सुमारे २१४ मीटर लांब आणि ३६ मीटर रुंद आहे. ते जहाजांचा धक्का की पाण्याचा तलाव, हा वाद अभ्यासकांत बरीच वर्षं चालला. शाळेच्या सहलीतली मुलं त्याच्या काठाने पळत होती. आम्ही मण्यांच्या कारखान्याकडे वळलो.

मधे अंगण, त्याभोवती अकरा खोल्या, जवळच भट्टी. उरल्यात त्या गुडघ्याएवढ्या भिंती. इथे कार्नेलियन, अकीक, जास्परचे मणी सापडले, काही पुरे झालेले, काही अर्धवट. मी अंगणाच्या मधोमध उभी राहिले. कालच्या खंभातच्या अंगणाची मांडणीही अशीच होती. कच्चा माल एका कडेला, भट्टी थोडी लांब, घडणारे उजेडात. चार हजारांहून जास्त वर्षांचं अंतर, पण कुठे कोण बसत असेल ते मला सांगता आलं असतं.

मोठा फरक टिकोऱ्यात. हडप्पा काळच्या कारागिरांकडे हिऱ्याचं टोक नव्हतं. सिंधमधल्या चन्हुदडोच्या उत्खननात अर्नेस्ट मकाय यांना दगडाचेच टिकोरे सापडले. त्या खास कठीण दगडाला पुढे त्यांच्या नावावरून अर्नेस्टाइट म्हणू लागले. कच्छमधल्या धोलावीरेतही हे टिकोरे मिळाले आहेत. पुरातत्त्वज्ञ जोनाथन मार्क केनोयर यांनी खंभातच्या कारागिरांबरोबर वर्षानुवर्षं काम करून हे तंत्र समजून घेतलं. अर्नेस्टाइटने कार्नेलियनला तासाला जेमतेम अडीच मिलिमीटर वेज पडतं. वीतभर नाही, चार बोटं लांबीचा मणी धरला तरी दिवसचे दिवस. असे लांब मणी कमरपट्ट्यात डझनांनी ओवलेले मिळाले आहेत. मेसोपोटेमियात ऊरच्या राजघराण्याच्या दफनभूमीतही सिंधू संस्कृतीकडून गेलेले कार्नेलियनचे मणी निघाले.

संग्रहालयात सोन्याचे अतिसूक्ष्म मणी आहेत, खसखशीपेक्षा मोठे नसतील. त्यांतही वेज आहे. मी रोज जंतरातून चांदीची तार ओढते, बारीक काम म्हणजे काय ते हाताला माहीत आहे. तरीही काचेसमोर माझी बोटं आपोआप आखडली. शेजारी पांढरी नक्षी असलेले तांबडे मणी होते. अल्कली लावून भाजून काढलेली ही नक्षी दगडात मुरलेली असते, खरवडून निघत नाही. वहिनी हळूच म्हणाली, "ताई, चला ना, शेवटची बस जाईल." बस चुकलीच. वटामणपर्यंत एका भल्या माणसाने टेम्पोत जागा दिली.

सहावा दिवस आणि नंतर : पुणे

दुपारी घरी पोचले, अंघोळ केली आणि पाटावर बसले. चाचांनी विंधलेला मणी कापडावर ठेवला. एका अंगाला मी गोट्याची साल थोडी राखून घेतली होती, त्यामुळे चंद्रकोरीच्या दोन-तीन खुणा अजून शाबूत होत्या. बाकी अंगावर शिंगाच्या हातोडीचे खळगे. सवयीने चांदीचा पत्रा काढला, टोप्यांसाठी दोन चकत्या कापल्या, आणि परत डबीत टाकल्या. या मण्याला टोप्या नाहीत. दोन्ही तोंडं उघडी राहतील. दोऱ्याच्या गाठी वेजापासून बोटभर लांब, त्यांच्या पलीकडे चांदीच्या साध्या नळ्या, फासा मागे.

गाठवायला रविवार पेठेतल्या पटवेकरी काकांकडे घेऊन गेले. मी त्यांना काहीच सांगितलं नाही. त्यांनी नेहमीसारखी सुई ओवली, मणी डाव्या चिमटीत धरला आणि सुई आत घातली. अर्ध्यावर ती अडली. त्यांनी मणी किंचित फिरवला, पुन्हा अडली, मग अगदी थोडी तिरकी केली आणि ती पलीकडे निघाली. त्यांनी चष्मा कपाळावर सारून मणी दारातल्या उजेडाकडे धरला.

"दोन्हीकडून विंधलाय होय?" ते म्हणाले. "हातचं आहे."